शेअर बाजाराची सुट्टी आणि टीव्हीचं टाइमटेबल: काय चालू, काय बंद ते आधीच कसं बघून ठेवायचं

सांगलीत अजून दोन प्रकारचे लोक भेटतात. एक, बँकेला सुट्टी म्हणजे शेअर बाजाराला पण सुट्टी असं धरून निवांत झोपणारे. दुसरे, टीव्हीवर खालच्या पट्टीत आकडे पळतायत म्हणजे बाजार चालूच असणार असं धरून सकाळी सव्वानऊला मोबाईल घेऊन बसणारे आणि ऑर्डर का जाईना म्हणून ब्रोकरच्या ऑफिसात फोन लावणारे. दोघांचाही हिशोब चुकतोय, कारण बँक, शेअर बाजार, सोन्याचांदीचा वायदा (पुढच्या तारखेचा सौदा) आणि अमेरिका अशी चार वेगवेगळी कॅलेंडरं आहेत आणि टीव्हीवाले त्यातलं कुठलं धरून कार्यक्रम लावतील ते त्या दिवसावर असतंय. हे एकदा नीट लावून ठेवलं की वर्षभर डोक्याला ताप नाही, म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

आधी रोजची वेळ सांगतो, कारण सुट्टीची वेळ समजायची तर रोजची पक्की पाहिजे. एनएसई आणि बीएसई या मुंबईतल्या दोन्ही शेअर बाजारांत (एक्स्चेंजमध्ये) ९ ते ९.१५ प्री-ओपन, म्हणजे आधी ऑर्डर गोळा करून पहिला भाव ठरवायची वेळ, ९.१५ ते ३.३० मुख्य बाजार, मग ३.४० ते ४ पर्यंत क्लोजिंग भावानं व्यवहार करायची छोटी खिडकी. प्री-ओपनमध्ये ऑर्डर टाकायला ९.०८ पर्यंतच वेळ असतो, नंतर मशीन भाव जुळवतंय, त्यामुळं ९.१० ला टीव्हीवर आकडा बघून उडी मारायला गेलात तर दार बंद असतं. आणि आपल्याकडं अमेरिकेसारखा अर्ध्या दिवसाचा बाजार ठरलेला नसतो. असला तर पूर्ण, नसला तर नाही. दिवाळीचा मुहूर्त आणि एक्स्चेंजच्या यंत्रणेच्या चाचणीचा एखादा शनिवार एवढेच अपवाद.

सुट्टीची यादी कुठली खरी

भिंतीवरच्या कॅलेंडरातली लाल तारीख विसरा. ती सरकारी ऑफिसांची आणि शाळांची. कलेक्टरनं जाहीर केलेली स्थानिक सुट्टी पण विसरा. शिराळ्याची नागपंचमी असू दे, बेंदूर असू दे, पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक निघून सगळी सांगली रस्त्यावर असू दे, मुंबईत बाजार चालूच असतो. डिसेंबर महिन्यात दोन्ही एक्स्चेंज पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचं सर्क्युलर काढतात, ते त्यांच्या साईटवर होलिडेज नावाच्या पानावर असतं. तेच एक खरं. व्हॉट्सअॅपवर फिरणारा रंगीत फोटो बघू नका, त्यात निम्म्या वेळा मागच्या वर्षीच्या तारखा असतात आणि खाली कुठल्यातरी क्लासची जाहिरात.

त्या पानावर पण एक गोष्ट बघायची, ती म्हणजे सेगमेंट, बाजाराचा विभाग. शेअर, फ्युचर-ऑप्शन (पुढच्या तारखेचे सौदे), करन्सी (डॉलर-रुपयासारखे चलनाचे सौदे), सगळ्यांच्या याद्या वेगवेगळ्या दिसतात. करन्सीला सुट्ट्या जास्त असतात कारण ती बँकांच्या सुट्टीबरोबर जाते. लोक घाईत करन्सीची यादी उघडतात आणि शेअर बाजार बंद आहे म्हणून गावभर सांगतात.

आता मुंबईचं कॅलेंडर म्हणजे काय ते एका उदाहरणात कळेल. २०२४ च्या लोकसभेला सांगली, सातारा, कोल्हापूर इकडं मतदान झालं ७ मे ला. बोटाला शाई लावून लोक घरी आले, दुकानं बंद, आणि शेअर बाजार मात्र रोजच्यासारखा चालू. मुंबईचं मतदान होतं २० मे ला, त्या दिवशी आपल्याकडं सगळं नेहमीसारखं आणि बाजार बंद. म्हणजे निवडणूक आली की तुमच्या गावाची तारीख बघायची नाही, मुंबईची बघायची. विधानसभेला २० नोव्हेंबर २०२४ ला सगळ्या महाराष्ट्राचं एकाच दिवशी होतं म्हणून प्रश्न आला नाही, तसंच १५ जानेवारी २०२६ ला महापालिकांचं झालं, मुंबई पण त्याच दिवशी आणि सांगली-मिरज-कुपवाड पण त्याच दिवशी. पण त्या वेळची गंमत अशी की ही सुट्टी डिसेंबरच्या यादीत नव्हतीच, मतदान तोंडावर आल्यावर जाहीर झाली. म्हणून डिसेंबरात यादी उतरवून घेतली तरी लांब सुट्टीच्या किंवा निवडणुकीच्या आठवड्यात परत एकदा साईट बघायचीच.

असे अचानक बदल अधूनमधून होतातच. २२ जानेवारी २०२४, अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेचा सोमवार, बाजार बंद, हे शुक्रवारी १९ ला कळलं आणि त्याबदली शनिवारी २० तारखेला पूर्ण दिवस बाजार चालला. २०२३ ला बकरी ईदची सुट्टी २८ जूनवरनं २९ जूनला गेली. चंद्रावर अवलंबून असलेले सण असेच सरकतात, त्यामुळं ईद, मोहरम यांच्या तारखा पेन्सिलनं लिहून ठेवायच्या.

बजेटचं उलटं आहे. १ फेब्रुवारी शनिवारी आली किंवा रविवारी आली तरी बाजार उघडा ठेवतात. २०२५ ला शनिवार होता, २०२६ ला चक्क रविवार होता, आणि दोन्ही वेळेला ९.१५ ते ३.३० पूर्ण बाजार झाला. भाषण सकाळी ११ ला. जुने लोक सांगतात बजेट संध्याकाळी असायचं, ते खरं आहे, १९९९ च्या आधी संध्याकाळी ५ ला असायचं, बाजार बंद झाल्यावर, यशवंत सिन्हांच्या वेळी ते ११ ला आलं. त्यामुळं टीव्हीवाल्यांचा आजचा हा सगळा बजेटचा जत्रेसारखा दिवस तेव्हा शक्यच नव्हता.

बाजार चालू पण पैसे अडकलेत, हा प्रकार

ही गोष्ट इकडं सगळ्यात जास्त लोकांना नडते आणि टीव्हीवर कोण नीट सांगत नाही. १९ फेब्रुवारी, शिवजयंती. साताऱ्यात त्या दिवशी काय वातावरण असतंय ते सांगायला नको. बँका बंद, पण शेअर बाजार चालू. अशा दिवसाला सेटलमेंट हॉलिडे म्हणतात. म्हणजे खरेदी-विक्री होते पण पैशाची आणि शेअरची देवाणघेवाण त्या दिवशी होत नाही. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्सना टी प्लस वन आहे, म्हणजे आज विकलं की उद्या पैसे. पण १८ फेब्रुवारीला विकलं तर 'उद्या' म्हणजे १९ धरायची नाही, पुढचा कामाचा दिवस धरायचा. कुणाला ऊसाच्या लागणीला नाहीतर पोराच्या फीला पैसे काढायचे असतील तर दोन दिवस आधीच विकून ठेवायचं, नाहीतर ॲपवर रक्कम दिसती पण काढता येईना अशी अवस्था होते. आणि आदल्या दिवशी घेतलेला शेअर सेटलमेंट सुट्टीच्या दिवशी लगेच विकायचा विचार असेल तर आधी ब्रोकरची नोटीस वाचा, अशा दिवशी बीटीएसटीवर (आज घ्या, उद्या विका) बंधनं येतात.

असेच दिवस म्हणजे गुढीपाडवा आणि १ एप्रिल, बँकांचं वार्षिक क्लोजिंग. पाडव्याला आपण गुढी उभारून श्रीखंडावर ताव मारत असतो आणि बाजार चालू असतो. २०२४ च्या पाडव्याला, ९ एप्रिलला, सेन्सेक्सनं पहिल्यांदा ७५ हजार पार केले. त्या दिवशी सुट्टी समजून टीव्ही न लावलेल्यांना संध्याकाळच्या बातम्यांत कळलं.

आणि ७ फेब्रुवारी २०२२. आदल्या दिवशी लतादीदी गेल्या, राज्य सरकारनं सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. त्यांचं लहानपण सांगलीतलं, त्यामुळं आपल्याकडं तर घरोघरी तीच चर्चा, सगळ्या मराठी चॅनेलवर दिवसभर त्याच. करन्सी आणि सरकारी रोख्यांचा बाजार बंद होता, रिझर्व्ह बँकेची पतधोरणाची बैठक पण पुढं ढकलली, पण शेअर बाजार चालू होता आणि त्या दिवशी सेन्सेक्स हजाराच्या वर आपटला. टीव्हीवर बाजाराची बातमी शोधून सापडत नव्हती. अशा दिवशी मराठी न्यूज चॅनेलवर अवलंबून राहायचं नाही, थेट एक्स्चेंजची साईट नाहीतर ब्रोकरचं ॲप.

सोनं, चांदी आणि हळद

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातले गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) भारतभर पसरलेत, त्यांच्या घरी शेअरपेक्षा एमसीएक्सचा, म्हणजे सोन्याचांदीच्या वायदे बाजाराचा भाव जास्त बघितला जातो, म्हणून हे जरा सविस्तर.

एमसीएक्सला दोन सत्रं असतात, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ आणि ५ पासून रात्रीपर्यंत. रात्रीची बंद व्हायची वेळ अमेरिकेच्या घड्याळावर बदलते, उन्हाळ्यात ११.३० आणि हिवाळ्यात ११.५५. सुट्टीच्या दिवशी बऱ्याचदा फक्त सकाळचं सत्र बंद असतं आणि संध्याकाळी ५ ला बाजार उघडतो. होळी, महाराष्ट्र दिन, गणेश चतुर्थी, बलिप्रतिपदा अशा दिवशी दिवसभर शांतता आणि संध्याकाळी एकदम हालचाल. म्हणून शेअर बाजार बंद म्हणजे सोन्याचा सौदा पण बंद असं समजून स्टॉपलॉस (तोटा ठराविक भावाला थांबवणारी ऑर्डर) न लावता जेवायला बसायचं नाही. पूर्ण बंद कधी, तर २६ जानेवारी, गुड फ्रायडे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि नाताळ. गुड फ्रायडे आणि नाताळला परदेशातलेच मोठे बाजार बंद असतात, मग इकडं भाव कशावरनं काढायचा. १ जानेवारीचं तर उलटंच, सकाळी चालू आणि संध्याकाळचं सत्र बंद.

हळदीचं वेगळं. हळदीचा वायदा एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारावर, तो संध्याकाळी ५ ला बंद होतो, रात्रीचं सत्र नाही. आपल्या मार्केट यार्डातले सौदे आणि वायदा यांची सुट्टी जुळेलच असं नाही, यार्डात हमालांची किंवा सणाची सुट्टी असते तेव्हा वायद्यात भाव हलत असतो आणि उलटं पण होतं. त्यात वायद्याचा आधारभाव निजामाबादचा, त्यामुळं यार्ड बंद असताना टीव्हीच्या पट्टीत हळद दोन टक्के वर दिसली म्हणून उद्या सौद्यात तेवढाच भाव मिळेल असं शेतकऱ्यानं धरू नये. बिझनेस चॅनेलवर शेतमालाला वेळ पण थोडाच मिळतो, त्यापेक्षा यार्डातल्या अडत्याला फोन केलेला बरा.

मुहूर्ताचा एक तास

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाजाराला सुट्टी आणि तरी एक तास चालू. बीएसईवर ही प्रथा १९५७ पासूनची सांगतात. गणपती पेठेत, वखारभागात वहीपूजन होतं तसंच दलाल स्ट्रीटवर शकुनाचे सौदे, नवं संवत सुरू होतं. पण वेळ दरवर्षी वेगळी असते, तारीख डिसेंबरच्या यादीत येते आणि नेमकी वेळ नंतरच्या सर्क्युलरमध्ये, दिवाळीच्या आधी. २०२४ ला १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६ ते ७ होता. २०२५ ला एकदम बदलून दुपारी १.४५ ते २.४५ केला, २१ ऑक्टोबरला, आणि संध्याकाळी ६ च्या सवयीनं टीव्ही लावलेले बरेच लोक फराळाचं ताट घेऊन नुसतं विश्लेषण ऐकत बसले. त्यात त्या वर्षी लक्ष्मीपूजन २० ला का २१ ला यावर पण घोळ होता, एक्स्चेंजनं २१ धरलं आणि २० ला बाजार पूर्ण दिवस चालला. २०२६ ला मुहूर्त ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. वेळेचं सर्क्युलर आलं की तेवढ्यापुरतं बघून घ्या, मागच्या वर्षीची वेळ धरून गजर लावू नका.

संध्याकाळची वेळ असली की घरात एकच टीव्ही असणाऱ्यांची पंचाईत होते. पूजेची वेळ तीच, आईला मालिकेचा दिवाळी विशेष भाग बघायचा असतो आणि बाबांना मुहूर्त. माझं स्पष्ट मत, त्या एका तासाला टीव्ही लागतच नाही. सौदे कमी असतात, भाव उगाच वरखाली होतात, चॅनेलवर झब्बे घातलेले पाहुणे 'पुढच्या दिवाळीपर्यंत' असले पाच शेअर सांगत असतात. शकुनाचा एखादा शेअर घ्यायचा तर मोबाईलवरनं दोन मिनिटांत होतो. टीव्ही आईला द्या. फक्त इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करणार असाल तर ब्रोकर उघडा सौदा किती वाजता कापतो ते आधी विचारा, तासाभराच्या सत्रात ती वेळ फार लवकर येते.

सुट्टीच्या दिवशी टीव्ही कसा वाचायचा

आता मुख्य. बिझनेस चॅनेल चोवीस तास चालतात, बाजार मात्र सव्वासहा तास. कामाच्या दिवशी सकाळी आशियाचे बाजार आणि रात्रीची अमेरिका, मग प्री-ओपन, ९.१५ चा गलका, दुपारी प्रेक्षकांचे प्रश्न, ३.३० चं क्लोजिंग, संध्याकाळी कंपन्यांचे निकाल. सुट्टीच्या दिवशी हे सगळं उडतं आणि त्या जागी काय येतं तर रेकॉर्ड केलेल्या मुलाखती, म्युच्युअल फंड आणि टॅक्सवरचे कार्यक्रम, जुने भाग परत, आणि प्रॉपर्टीच्या नाहीतर असल्याच पैसे देऊन लावलेल्या अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिराती ज्या कार्यक्रमासारख्याच दिसतात. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, ते शोधायची सवय लावा.

आकडे पळतायत म्हणून फसायचं नाही. सुट्टीला पट्टीत आदल्या सत्राचे क्लोजिंग भाव फिरत राहतात, हिरवे-लाल बाण सकट. ओळखायचं कसं, तर एकच शेअर धरा आणि त्याचा भाव पट्टीत दोनदा येईपर्यंत थांबा. पैशाचाही फरक नाही म्हणजे बाजार बंद. दुसरं, कोपऱ्यातला 'लाईव्ह'चा शिक्का. तो फक्त निवेदक लाईव्ह आहे एवढंच सांगतो, बाजार नाही. आणि जुना भाग परत लावला असेल तर पाहुण्यानं सांगितलेला टार्गेट भाव कधीचा आहे ते बघा. आठवड्यापूर्वी ४०० ला 'घ्या' म्हटलेला शेअर आज ४५० ला असेल तर तो सल्ला शिळा झाला. सेबीनं (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) टीव्हीवरच्या काही पाहुण्या तज्ज्ञांवर २०२४ ला कारवाई केली होती, आधी स्वतःच्या लोकांना घ्यायला लावून मग टीव्हीवर शिफारस केल्याचा आरोप होता. म्हणून सुट्टीच्या निवांत दुपारी ऐकलेली टिप वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी ९.१५ ला लगेच बटण दाबू नका.

सेट टॉप बॉक्सवरच्या गाईडवर पण डोळे झाकून भरवसा नको. अचानक जाहीर झालेल्या सुट्टीला गाईडमध्ये रोजचाच 'ओपनिंग' कार्यक्रम दिसत राहतो आणि प्रत्यक्षात वेगळंच काहीतरी लागलेलं असतं. रिमाइंडर लावायचा तर कार्यक्रमाच्या नावावर लावू नका, वेळेवर लावा. रेकॉर्डिंगचा बॉक्स असेल तर शेवटी १५-२० मिनिटं जास्तीची ठेवा, बजेटचं भाषण, पतधोरण असल्या गोष्टी वेळेत संपत नाहीत. बजेटला तर बिझनेस चॅनेल पण लागत नाही, संसद टीव्ही नाहीतर डीडी न्यूज लावा, मध्ये कोण ओरडत नाही.

यूट्यूबवर बहुतेक बिझनेस चॅनेल लाईव्ह फुकट दिसतात, प्रवासात, एसटीत, कास-महाबळेश्वरला सुट्टीला गेलेल्यांना ते सोयीचं. पण तिथं चित्र केबलपेक्षा उशिरा पोचतं, कधी अर्धा मिनिट सुद्धा. बातमी ऐकायला ठीक, भाव बघून सौदा करायला नाही. भाव ब्रोकरच्या ॲपवर, बोलणं टीव्हीवर, अशी वाटणी करून टाका.

घरातल्या रिमोटचं पण टाइमटेबल करा, मी थट्टा करत नाही. भारतातली कसोटी मॅच असली की सकाळी ९.३० ला चालू होते, म्हणजे बाजार उघडल्यावर पंधरा मिनिटांत रिमोट गेला. आयपीएल संध्याकाळी ७.३० ला, ती एमसीएक्सच्या संध्याकाळच्या सत्रावर येते. मराठी मालिका सात ते दहा, आणि रविवारी महाएपिसोड, त्या वेळेत अमेरिकेचं ओपनिंग टीव्हीवर बघायचं स्वप्न सोडून द्या. सुट्टीच्या दुपारी चॅनेलवाले नवा सिनेमा लावतात आणि घरात सगळे असतात, तेव्हा बाजार बंदच असतो, बघा सिनेमा.

अमेरिका चालू का बंद

आपल्या सुट्टीच्या आदल्या रात्री आणि सुट्टीच्या रात्री अमेरिका चालू असली तर आपला बाजार पुढच्या सकाळी गॅप देऊन, म्हणजे आधीच्या बंद भावापेक्षा एकदम वर नाहीतर खाली उघडतो. म्हणून हे बघावं लागतं. न्यूयॉर्कचा बाजार तिथल्या ९.३० ते ४. आपल्याकडं उन्हाळ्यात ते संध्याकाळी ७ ते रात्री १.३० आणि हिवाळ्यात ८ ते २.३०. घड्याळ बदलतं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) व्याजदराचा निर्णय आपल्या रात्री ११.३० ला, हिवाळ्यात १२.३० ला.

त्यांच्या सुट्ट्यांत सगळ्यात घोळाची थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्या दिवशी पूर्ण बंद आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवारी अर्धाच दिवस, तिथल्या १ ला बंद, म्हणजे आपल्या रात्री ११.३० ला. २०२६ ला हे २६ आणि २७ नोव्हेंबर. आपल्या चॅनेलवर त्या शुक्रवारी सकाळी 'अमेरिकेचे संकेत' म्हणून जे काही दाखवतात ते बुधवारचं असतं, गुरुवारी तिकडं काही झालेलंच नसतं. असाच लवकर बंद होणारा दिवस नाताळच्या आदल्या दिवशी पण येतो. ४ जुलै २०२६ ला शनिवारी आहे म्हणून तिकडं ३ जुलैचा शुक्रवार पूर्ण बंद.

गिफ्ट निफ्टी (निफ्टीचाच वायदा) बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ते गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतल्या एक्स्चेंजवर चालतं, सकाळी ६.३० ते ३.४० आणि मग ४.३५ ते पहाटे २.४५, आणि त्यांची सुट्ट्यांची यादी वेगळी आहे. मुंबई बंद असताना ते हलत असेल तर ती चूक नाही.

मंगळवारचं गणित

ऑप्शनवाल्यांसाठी, म्हणजे ठराविक तारखेपर्यंतच टिकणारे सौदे घेणाऱ्यांसाठी. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी (सौद्याची मुदत संपायचा दिवस) मंगळवारी आणि सेन्सेक्सची गुरुवारी. मंगळवारी सुट्टी आली की निफ्टीची एक्स्पायरी आदल्या कामाच्या दिवशी, बहुतेक सोमवारी. २०२६ ची यादी बघितली तर मंगळवारांची रांगच लागलीय: होळी ३ मार्च, महावीर जयंती ३१ मार्च, आंबेडकर जयंती १४ एप्रिल, दसरा २० ऑक्टोबर, बलिप्रतिपदा १० नोव्हेंबर, गुरुनानक जयंती २४ नोव्हेंबर. त्यातली ३१ मार्च आणि २४ नोव्हेंबर तर महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी, म्हणजे मासिक एक्स्पायरीच सरकते. शुक्रवारी ऑप्शन घेऊन 'अजून मंगळवारपर्यंत वेळ आहे' म्हणणाऱ्यानं सोमवारी दुपारी ३.३० ला प्रीमियम (ऑप्शनची किंमत) शून्य होताना बघायचं. दिवाळीच्या आठवड्यात तर रविवारी ८ ला मुहूर्त, सोमवारी ९ ला बाजार चालू आणि त्याच दिवशी एक्स्पायरी, मंगळवारी सुट्टी. गावाकडं जायचं तिकीट काढायच्या आधी हे बघा.

म्युच्युअल फंडवाल्यांना एवढी धावपळ नाही. एसआयपीची (दरमहा ठराविक रक्कम टाकायची) तारीख सुट्टीला आली तर पुढच्या कामाच्या दिवसाचा एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) लागतो, लमसम (एकरकमी) टाकताना इक्विटी फंडाला दुपारी ३ च्या आत पैसे फंडाकडं पोचले पाहिजेत एवढं बघा.

शेवटचं म्हणजे लाईट आणि नेट गेल्यावर काय. २०१९ च्या ऑगस्टात अर्धी सांगली पाण्यात होती, केबल नाही, चार्जिंग नाही, आणि मुंबईत बाजार आपला ठरल्या वेळी उघडत होता. कधी कधी उलटं पण होतं, २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसईच बिघडलं, सकाळी ११.४० ला व्यवहार थांबले आणि मग त्या दिवशी बाजार संध्याकाळी ५ पर्यंत वाढवला. ३.३० ला टीव्ही बंद करून गेलेल्यांना पत्ताच नाही. तर ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा नंबर मोबाईलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडं लिहून ठेवा, फोनवर ऑर्डर द्यायला काय काय विचारतात ते एकदा निवांत वेळी फोन करून बघा, आणि लांबचे सौदे असतील त्यांना जीटीटी (ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर) लावून ठेवा, ते सुट्टी गेली तरी तसंच राहतं. पावसाळ्यात कृष्णेची पातळी वाढायला लागली की इंट्राडेला हात लावू नका, एवढं मात्र मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो आणि निम्मे ऐकत नाहीत.